सरावासाठी जुना स्विच: शेवटचं अक्षर आधी वाचा

सीसीएनएच्या तयारीसाठी घरी छोटी लॅब उभारायची म्हटली की एक ठरलेली यादी हमखास पुढे येते. दोन कॅटलिस्ट २९५०, एक ३५५०, जोडीला दोन-तीन जुने राउटर आणि एक निळी कन्सोल केबल. ही यादी मुळात चुकीची नव्हती. ६४०-८०२ या क्रमांकाची परीक्षा २००७ ते २०१३ या काळात चालू होती, तेव्हा ती चोख होती. अडचण एवढीच की त्यानंतर परीक्षा तीन वेळा बदलली आणि यादी मात्र एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे जशीच्या तशी जात राहिली. फेब्रुवारी २०२० पासून २००-३०१ ही परीक्षा आहे आणि तिचीही १.१ ही सुधारित आवृत्ती ऑगस्ट २०२४ मध्ये लागू झाली. आज त्या यादीप्रमाणे खरेदी करणाऱ्याचे पैसे थोडेच जातात, पण वेळ फार जातो, कारण पुस्तकात दिलेली आज्ञा त्याच्या स्विचवर चालत नाही आणि चूक आपली की पेटीची हे त्याला कळत नाही. माझं म्हणणं असं की सरावासाठी जुना स्विच निवडताना पोर्ट किती, पेटी किती भारदस्त आणि भाव किती या गोष्टी नंतर पाहाव्यात. आत कोणती आयओएस आहे, ती कोणत्या परवान्याची आहे आणि आजच्या अभ्यासक्रमातलं काय चालवू शकते, हे आधी पाहावं. जे पेटीशिवाय शिकता येतं त्यासाठी पेटी घेऊच नये.

मुळात विद्यार्थी खरे स्विच विकत का घेऊ लागले, हे समजलं तर पुढचं सोपं होतं. २००५ मध्ये फ्रान्समधल्या क्रिस्तोफ फियो यांनी डायनामिप्स नावाचा प्रोग्राम लिहिला. त्यामुळे सिस्कोच्या काही राउटरांची खरी आयओएस साध्या संगणकावर चालू लागली. पुढे त्यावर जीएनएस-३ हे चित्रांचं आवरण चढलं आणि राउटर विकत घेण्याची गरज जवळपास संपली. स्विचचं मात्र तसं झालं नाही. त्याचं कारण स्विचच्या रचनेत आहे. बाजारपेठेतल्या गोदामात मुकादम असतो आणि हमाल असतात. कोणतं पोतं कुठे जायचं ते मुकादम ठरवतो आणि उचलाउचल हमाल करतात. छोट्या राउटरमध्ये मुकादमच पोती उचलतो, म्हणजे प्रत्येक पॅकेट मुख्य प्रोसेसर स्वतः हाताळतो. म्हणून प्रोसेसरची नक्कल केली की सगळं चालतं. स्विचमध्ये फ्रेम पुढे पाठवण्याचं काम खास घडवलेल्या चिपा करतात, ज्यांना एएसआयसी म्हणतात. प्रोसेसर फक्त त्यांचे तक्ते भरतो. या चिपांची अंतर्रचना सिस्कोने बाहेर कधी दिली नाही, त्यामुळे कॅटलिस्टची नक्कल डायनामिप्सला जमली नाही. ‘राउटर संगणकावर चालव, स्विच मात्र विकत घे’ हा सल्ला तिथून आला.

ते कारण आता उरलेलं नाही. सिस्कोने स्वतःच स्विचिंग करणाऱ्या आभासी प्रतिमा तयार केल्या. २०१४ मध्ये सीसीआयई राउटिंग-स्विचिंगच्या पाचव्या आवृत्तीची प्रात्यक्षिक परीक्षाही आभासी उपकरणांवर गेली, म्हणजे सर्वांत वरच्या परीक्षेने खऱ्या पेट्यांचा निरोप घेऊन आता दहा वर्षं उलटली. सिस्को मॉडेलिंग लॅब्जची पाच उपकरणांपर्यंतची आवृत्ती मोफत मिळते. पॅकेट ट्रेसर तर नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवलेल्या कुणालाही मिळतो. तो खरी आयओएस चालवत नाही, तिचं सोंग आणतो, पण सीसीएनएपुरतं ते सोंग बरंच चांगलं वठलेलं आहे. व्हीएलएएन, ट्रंक, स्पॅनिंग ट्री, ईथरचॅनेल, ओएसपीएफ यांच्या आज्ञा हाताला बसवायच्या असतील तर यासाठी रुपयाही खर्चायची गरज नाही. त्यामुळे पहिला आक्षेप सरळ आहे: मग जुना स्विच घ्यावाच कशाला?

या आक्षेपातला मोठा भाग मला मान्य आहे. ज्याच्याकडे पैसे मोजकेच आहेत त्याने परीक्षेची फी आणि चांगलं पुस्तक आधी पाहावं, स्विच नंतर. तरीही अभ्यासक्रमातला एक तुकडा असा आहे की तो आभासी लॅबमध्ये वाचता येतो पण घडवता येत नाही. पोर्ट आणि केबलच्या बिघाडांची ओळख हा २००-३०१ मधला थेट मुद्दा आहे: कोलिजन, एरर, डुप्लेक्स आणि वेगाची विसंगती. डुप्लेक्सचंच उदाहरण घेऊ. दोन स्विच केबलने जोडा. एका बाजूला वेग १०० आणि डुप्लेक्स फुल असं हाताने ठरवून टाका आणि दुसरी बाजू ऑटोवर ठेवा. हाताने ठरवलेली बाजू वाटाघाटी करत नाही. दुसऱ्या बाजूला विजेच्या खुणेवरून वेग ओळखता येतो, पण डुप्लेक्स ओळखता येत नाही. अशा वेळी नियमाप्रमाणे ती बाजू हाफवर उतरते. दिवा हिरवा असतो, पिंग व्यवस्थित जातो, पण मोठी फाइल पाठवली की गोगलगाय होते. हाफ बाजूच्या आकड्यांत ‘लेट कोलिजन’ वाढत जातात, तर फुल बाजूला सीआरसीच्या चुका वाढतात. हे आकडे डोळ्यांसमोर वाढताना पाहिले की ‘शो इंटरफेसेस’चा तो लांबलचक मजकूर कायमचा वाचता येतो. आभासी स्विचमध्ये केबलच नाही, त्यामुळे तिथे हे आकडे शून्यावर बसून राहतात. आणि गंमत म्हणजे हा धडा सर्वांत स्वस्त १०/१०० पोर्टांच्या स्विचवरही तितकाच चांगला शिकता येतो.

ब्रॉडकास्ट स्टॉर्मचंही तसंच. ईथरनेट फ्रेमला आयपी पॅकेटसारखं आयुष्य मोजणारं घर नसतं. वर्तुळ तयार झालं की फ्रेम फिरतच राहते आणि प्रत्येक फेरीत तिच्या प्रती वाढतात. स्पॅनिंग ट्री बंद करून दोन स्विचमध्ये दोन केबल लावल्या की काही क्षणांत सगळे दिवे एकसाथ लखलखतात आणि कन्सोलवर टाइप केलेलं अक्षर उमटायलाही वेळ लागतो. एक केबल उपसली की सगळं शांत होतं. बीपीडीयू गार्ड, रूट गार्ड, लूप गार्ड हे मुद्दे १.१ आवृत्तीत आहेतच. ते कशापासून वाचवतात ते एकदा पाहिलेलं बरं. त्याशिवाय पासवर्ड विसरलेला स्विच मोड बटण दाबून धरून पुन्हा ताब्यात घेणं, फ्लॅशमधली आयओएस पुसली गेली तर ती परत चढवणं, फायबरचं एसएफपी मॉड्यूल बसवणं, पीओईवर फोन किंवा अ‍ॅक्सेस पॉइंट चालवणं, ही सगळी हातांची कामं आहेत. पहिली नोकरी फील्ड इंजिनिअरची मिळाली तर पहिल्या महिन्यात नेमकी हीच कामं पुढ्यात येतात.

इतपत मान्य केलं की किती स्विच घ्यायचे याचं उत्तर आपोआप लहान होतं. तीन पुरेत. स्पॅनिंग ट्रीचा त्रिकोण व्हायला तीन लागतात: एक रूट, बाकीच्या दोघांमधला एक पोर्ट अडवलेला, आणि प्रायॉरिटी बदलली की सगळं चित्र फिरतं. त्या तिघांपैकी एक तरी लेअर-३ चा हवा, म्हणजे व्हीएलएएन-व्हीएलएएनमधलं राउटिंग त्याच्यावर करता येतं. ईथरचॅनेलच्या लेअर-३ प्रकारासाठीही तोच लागतो. म्हणजे दोन २९६० आणि एक ३५६०. चौथ्या पेटीने शिकण्यात भर पडत नाही, घरातली जागा मात्र जाते. उरलेले राउटर आणि सर्व्हर संगणकात आभासी ठेवावेत.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ‘दोन २९६०’ असं म्हणणं पुरेसं नाही, कारण २९६० नावाने विकला गेलेला प्रत्येक स्विच सारखा नाही. मॉडेल क्रमांकाच्या टोकाला एक अक्षर असतं आणि सगळं तिथेच ठरतं. २९६० मध्ये शेवटी एल असेल तर लॅन बेस, एस असेल तर लॅन लाइट. लाइट प्रकारात सिस्कोने मुद्दाम गोष्टी छाटल्या आहेत. व्हीएलएएन ६४ पर्यंतच, तर बेसमध्ये २५५. बेसमध्ये मिळणारं स्थिर राउटिंग लाइटमध्ये नाही. बाहेरून पेटी तीच, पोर्ट तेच, रंगही तोच. हे लक्षात ठेवून कुणी ३५६० घ्यायला गेला आणि ‘एस म्हणजे कमी प्रतीचा’ असं समजला तर पुन्हा फसतो, कारण ३५६० मध्ये एस म्हणजे आयपी बेस. तो आपल्याला पुरेसा आहे, आणि ई असेल तर आयपी सर्व्हिसेस, म्हणजे अधिक चांगला. पुढच्या ३५६०-एक्स मध्ये एल आला, आणि तिथे एल हा सर्वांत खालचा. २९६०-एक्स मध्ये एकेरी एल म्हणजे बेस आणि दुहेरी एलएल म्हणजे लाइट. एकच अक्षर एका घराण्यात वरचं आणि दुसऱ्यात खालचं, हा घोळ कुणी हौसेने घातलेला नसावा, पण त्याची किंमत सेकंड हँड घेणारा मोजतो. दुकानदार ‘२९६० आहे, चोवीस पोर्ट’ एवढंच सांगतो. त्याच्या दृष्टीने तेवढंच खरं असतं.

अक्षर म्हणजे कारखान्यातून निघताना काय होतं ते. आज आत काय आहे हे ‘शो व्हर्जन’ सांगतं. साध्या ३५६० वर आयपी बेस आणि आयपी सर्व्हिसेस या दोन वेगळ्या फाइली असतात, त्यामुळे आधीच्या मालकाने कोणती ठेवली हे महत्त्वाचं. ३५६०-एक्स आणि ३७५०-एक्स वर एकच सार्वत्रिक फाइल असते आणि कोणत्या सोयी खुल्या होणार हे परवान्याची किल्ली ठरवते. ती किल्ली त्या एका पेटीशी बांधलेली असते. फाइलच्या नावात के-नाइन आहे का तेही पाहावं. ते नसेल तर एसएसएच चालत नाही, आणि स्विचवर एसएसएच लावता येणं हे आजच्या परीक्षेत गृहीत आहे. फ्लॅशचा आकार हा आणखी एक छुपा निर्णायक. पहिल्या पिढीच्या ३५६० मध्ये १६ एमबी फ्लॅश असते आणि तो १२.२(५५) या आवृत्तीवर थांबतो. व्ही-टू प्रकारात ३२ एमबी असते, म्हणून तो १५.० पर्यंत जातो. ‘आयओएस नंतर बदलून घेऊ’ असं मनात ठेवून खरेदी करू नये. सिस्कोच्या संकेतस्थळावरून नवी आवृत्ती उतरवून घ्यायला सेवा करार लागतो, आणि सॉफ्टवेअरचा परवाना पेटीबरोबर दुसऱ्या मालकाकडे आपोआप जात नाही असं कंपनीचं धोरण आहे. भलत्या ठिकाणाहून उचललेली फाइल बेकायदा असते, शिवाय तिच्यात काय मिसळलं आहे याची हमी कुणीच देत नाही. जे आत आहे तेच कायमचं, असं धरून भाव करावा.

योग्य परवाना मिळाला तरी काही सोयी आपल्याला जाग्या कराव्या लागतात. लॅन बेसचा २९६० राउटिंग करतो, पण आधी ‘एसडीएम प्रेफर लॅनबेस-राउटिंग’ ही आज्ञा देऊन तो पुन्हा सुरू करावा लागतो. मग १६ स्थिर मार्ग मिळतात. ३५६० वर आयपीव्ही६ हवं तर दुहेरी साचा निवडून तसंच करावं लागतं. कारण असं की चिपेमधली वेगवान स्मृती मर्यादित असते आणि तिचा किती भाग पत्त्यांना, किती मार्गांना, किती नियमांना द्यायचा हे चालू होतानाच ठरतं. हीदेखील खऱ्या पेटीनेच शिकवायची गोष्ट. ट्रंकची आज्ञाही दोघांवर वेगळी. ३५६० ला सिस्कोचं जुनं आयएसएल आणि प्रमाणित ८०२.१क्यू ही दोन्ही वेष्टनं येतात, म्हणून ट्रंक करण्याआधी कोणतं ते सांगावं लागतं. २९६० ला एकच येतं, म्हणून ती आज्ञाच तिथे नाही. नवखा माणूस इथे अर्धा तास अडतो, आणि अडलेलं बरं, कारण दोन्ही प्रकारचे स्विच त्याला पुढे कामावर भेटणार आहेत.

दुसरा आक्षेप भावाचा. २९५० जवळपास भंगाराच्या भावात मिळतो, मूलभूत व्हीएलएएन तोही करतो, मग तो का नको? कारण तो जे वेगळं करतो ते आज चुकीचं शिकवतं. २९५० आणि ३५५० यांचे पोर्ट मुळात ‘डायनॅमिक डिझायरेबल’ असतात, म्हणजे दोन स्विच जोडले की ट्रंक आपोआप तयार होतो. २९६० आणि ३५६० चे पोर्ट ‘डायनॅमिक ऑटो’ असतात. असे दोन जोडले तर दोघेही समोरच्याने पुढाकार घेण्याची वाट पाहत बसतात आणि ट्रंक होत नाही. प्रश्नपत्रिकेत विचारतात ते हे दुसरं वागणं. जुन्या जोडीला ऑटो-एमडीआयएक्स नाही, त्यामुळे स्विच-स्विचमध्ये क्रॉस केबलच लागते. ३५५० राउटिंग उत्तम करतो, पण आयपीव्ही६ त्याच्या हार्डवेअरमध्येच नाही. फुकट मिळाला तर डुप्लेक्सच्या प्रयोगाला ठेवावा, मोजून पैसे देऊ नयेत.

तिसरा आक्षेप याच्या नेमका उलट दिशेने येतो: घ्यायचाच तर ३६५० किंवा ३८५० घ्या, त्यात आयओएस-एक्सई आहे, १६ मालिकेत नेटकॉन्फ-यँगही येतं. हे खरं आहे. ३८५० हा २०१३ मध्ये आलेला चांगला स्विच आहे आणि त्यातले परवाने आज्ञेनेच सुरू करता येतात. पण सीसीएनएत स्वयंचलनाचा वाटा १० टक्के आहे, आणि तो सिस्कोच्या डेव्हनेटमधल्या मोफत सँडबॉक्सवर निभावतो. एवढ्यासाठी जास्त किंमत, जास्त वीज, मोठा पंख्याचा आवाज आणि चालू व्हायला लागणारी लांबलचक मिनिटं पत्करायची का? सीसीएनपीचा विचार पक्का असेल आणि भाव खरोखर उतरलेला असेल तर जरूर घ्या, एरवी नको. सीसीएनपीच्या एनकोरमधले एसडी-अ‍ॅक्सेस, व्हीएक्सलॅन हे विषय तशाही कोणत्या स्वस्त पेटीवर नीट शिकता येत नाहीत.

सिस्कोचंच नाव असलेल्या तीन गोष्टींपासून मात्र सावध राहावं. एसजी-३०० सारखे लहान व्यवसायांसाठीचे स्विच स्वस्त, शांत आणि आकर्षक दिसतात, पण त्यांच्यात आयओएस नाही. आज्ञा साधारण सारख्या वाटतात आणि नेमक्या महत्त्वाच्या ठिकाणी वेगळ्या निघतात. मेराकीचा स्विच क्लाउडच्या परवान्यावर जगतो, आणि तो आधीच्या मालकाच्या खात्यात नोंदलेला असेल तर आपल्या हातात फक्त एक सुबक डबा उरतो. नेक्ससमध्ये वेगळी प्रणाली आहे आणि घरात झोपणाऱ्या माणसांच्या दृष्टीने तो फारच मोठ्याने श्वास घेतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरूत एस. पी. रोड. जुना माल अशाच बाजारांतून फिरतो, आणि नकली मालही. नकलीपणाची भीती अतिशयोक्त वाटत असेल तर दोन नोंदी पाहाव्यात. २०२० मध्ये एफ-सिक्युअरने २९६०-एक्सच्या दोन नकली स्विचांची चिरफाड प्रसिद्ध केली. ते एका कंपनीत बिनतक्रार चालत होते. सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर बंद पडले, तेव्हा कुठे भांडं फुटलं. आत चोरवाट सापडली नाही, पण अस्सलपणाची तपासणी चुकवण्याची व्यवस्था सापडली. आणि मे २०२४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका व्यापाऱ्याला नकली सिस्को उपकरणं विकल्याबद्दल साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. चीन आणि हाँगकाँगमधून येणारी ही सिस्को उपकरणं बरेचदा जुनीच, खालच्या प्रतीची होती आणि वरच्या प्रतीची नवी म्हणून सजवलेली होती. सरावाच्या लॅबला नकली स्विचने फार मोठा धोका होत नाही, पण तो नेमका आयओएस बदलण्याच्या प्रयोगात मरतो. म्हणून २९६०-एक्ससारख्या नकलाखोरांच्या आवडत्या मॉडेलपेक्षा साधा जुना २९६० मला सरावासाठी अधिक भरवशाचा वाटतो.

सिरीयल क्रमांकही बोलका असतो. पहिली तीन अक्षरं कारखान्याची, पुढचे दोन अंक वर्षाचे, त्यापुढचे दोन आठवड्याचे. वर्षाच्या अंकांत १९९६ मिळवायचे. १४३२ असेल तर २०१० चा बत्तिसावा आठवडा. पेटीवरचा क्रमांक आणि ‘शो व्हर्जन’मधला क्रमांक जुळला पाहिजे. ही तारीख आणखी एका कारणासाठी उपयोगी आहे. २००५ ते २०१० या काळात एका पुरवठादाराने बनवलेल्या काही मेमरी चिपा सदोष असल्याचं सिस्कोने २०१४ मध्ये जाहीर केलं. त्यांचं लक्षण असं की उपकरण वर्षानुवर्षं चालू राहतं आणि एकदा वीज बंद करून चालू केली की उठत नाही. कार्यालयातला स्विच क्वचितच बंद होतो, सरावाचा रोज होतो. त्यामुळे दुकानात स्विच नुसता चालू असलेला पाहू नये. तो पूर्ण बंद करून दोन-तीनदा चालू करायला लावावा, पहिली स्वयंतपासणी कन्सोलवर शेवटपर्यंत वाचावी आणि सिस्टिमचा दिवा पिवळसर राहिला तर पेटी परत ठेवावी. नुसता ‘स्विच’ आणि अपूर्णविराम असा प्रॉम्प्ट दिसला तर बहुधा आत आयओएसची फाइल नाही किंवा ती खराब आहे. ‘घरी चढवून घ्या, सोपं आहे’ असं कुणी म्हणालं तर हिशेब करावा: एक्समोडेमने ९६०० च्या वेगाने सेकंदाला साधारण ९६० अक्षरं जातात, म्हणजे दहा एमबीच्या फाइलला तीन तास. वेग १,१५,२०० वर नेता येतो, पण फाइल आणायची कुठून हा प्रश्न तसाच राहतो.

विजेचा खर्च लोक एक तर विसरतात किंवा त्याला घाबरतात. २४ पोर्टांचा साधा २९६० सुमारे ३० वॉट घेतो आणि पीओईचा ३५६० त्याहून बराच जास्त. तिघांचे मिळून दीडशे वॉट धरले आणि रोज तीन तास सराव केला तर महिन्याला साडेतेरा युनिट. तेच चोवीस तास चालू ठेवले तर १०८ युनिट, आणि महावितरणच्या घरगुती दरात शंभराच्या पुढे वरचा टप्पा लागतो. सराव झाला की बंद करा, एवढंच. आवाज हा खरा घरगुती प्रश्न आहे. एका खोलीत अभ्यास आणि झोप दोन्ही असेल तर आठ पोर्टांचे बिनपंख्याचे २९६०-८टीसी-एल किंवा ३५६०-सीजी शोधावेत. पोर्ट कमी आहेत म्हणून नाक मुरडू नये, त्रिकोणाला प्रत्येकी दोन-चारच पोर्ट लागतात. समुद्राकाठच्या शहरांत पावसाळ्यात गोदामात पडून राहिलेल्या मालाचे पोर्ट टॉर्च मारून पाहावेत. सोनेरी पट्ट्यांवर हिरवट थर असेल तर तो पोर्ट आज चालेल, उद्याचं सांगता येत नाही.

घरी आणल्यावर पहिलं काम पुसण्याचं. २०२३ मध्ये ईसेटने सेकंड हँड बाजारातून घेतलेले राउटर तपासले, तर निम्म्याहून अधिक पेट्यांत आधीच्या कंपनीची पूर्ण रचना आणि पासवर्डच्या खुणा तशाच होत्या. आपल्या हाती असं काही आलं तर ते वाचत बसू नये. स्टार्टअप कॉन्फिग पुसावं आणि व्हीएलएएनची फाइल वेगळी असते, तीही काढावी. ती राहिली आणि असा स्विच चुकून चालू कार्यालयाच्या ट्रंकला जोडला गेला, व्हीटीपीचं डोमेन जुळलं आणि त्याचा आवृत्ती-क्रमांक तिथल्यापेक्षा मोठा असला, तर तिथले व्हीएलएएन तो पुसून टाकू शकतो. घरच्या इंटरनेटलाही हे स्विच थेट उघडे ठेवू नयेत. स्मार्ट इन्स्टॉल या सोयीतल्या त्रुटीचा वापर करून एप्रिल २०१८ मध्ये इराण आणि रशियातले पुष्कळ सिस्को स्विच बाद करण्यात आले होते, आणि ती सोय जुन्या कॅटलिस्टवर आपोआप चालू असते. ‘नो व्हीस्टॅक’ ही आज्ञा पहिल्याच दिवशी द्यावी.

तेव्हा खरेदीला जाताना लॅपटॉप, कन्सोल केबल आणि यूएसबी-सिरीयल जोडणी स्वतःची न्या. नावाच्या शेवटी एल असलेले दोन २९६० आणि एस किंवा ई असलेला, जमल्यास ३२ एमबी फ्लॅशचा एक ३५६० मागा. पैसे देण्याआधी तिघांचंही ‘शो व्हर्जन’ स्वतःच्या पडद्यावर वाचा. दुकानदार पेटी चालू करून दाखवायला तयार नसेल तर भाव कितीही कमी असो, पुढच्या दुकानात चला.